आधी उठण्याची वेळ ठरवा

नैराश्यात बऱ्याच जणांना सगळ्यात जड जाते ती पहाट. साडेतीन-चारला जाग येते, मग कितीही कूस बदलली तरी डोळा लागत नाही, आणि अंधारात पडल्या पडल्या मनात येणारे विचार दिवसाच्या विचारांपेक्षा कितीतरी काळे असतात. उठून दात घासायचे म्हटलं तरी अंगावर येतं. संध्याकाळ होता होता तीच व्यक्ती दोन शब्द बोलू लागते, ताटात वाढलेलं खाते. घरच्यांचा मग गैरसमज होतो. ‘कामाच्या वेळीच बरं हिला काही सुचत नाही!’ असं कुणीतरी बोलून जातं आणि ते फार लागतं. खरं तर पहाटे लवकर जाग येणं आणि सकाळी मन सगळ्यात खाली असणं ही तीव्र नैराश्याची जुनी, नीट ओळखलेली लक्षणं आहेत. मानसोपचारतज्ज्ञ पहिल्याच भेटीत त्याबद्दल विचारतात.

नैराश्य असलेल्या दर चार जणांपैकी साधारण तिघांची झोप उणावलेली असते. कुणाला लागत नाही, कुणाची सारखी मोडते, कुणाची पहाटेच संपते. काहींची, विशेषतः तरुण वयात, तऱ्हा उलटी असते. दहा-दहा तास झोपूनही अंग जडच राहतं, आणि ‘एवढा लोळतोस तरी आळस जात नाही?’ हे वर ऐकावं लागतं. हाही आजाराचाच भाग आहे.

हा लेख ज्यांना नैराश्याचं निदान झालंय त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. मला एकच गोष्ट आग्रहानं सांगायची आहे: ‘आधी मन बरं होऊ दे, झोप आपोआप येईल’ असं म्हणून थांबू नका. झोपेवर स्वतंत्रपणे, आजपासून काम करता येतं. आणि त्या कामाची सुरुवात रात्री करायची नसते, सकाळी करायची असते.

निद्रानाश हे नैराश्याचं एक लक्षण, मूळ आजार गेला की तेही जाईल, अशी समजूत डॉक्टरांमध्येही बरीच वर्षं होती. पुढे माणसांच्या तब्येतीचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारे अभ्यास हाती आले, तेव्हा चित्र बदललं. २०११ साली अशा २१ अभ्यासांचा एकत्र विचार झाला. आज नैराश्य नाही पण झोप बिघडलेली आहे, अशा माणसांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता नीट झोपणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघाली. म्हणजे झोपेचा बिघाड कित्येकदा आजाराच्या आधी येतो, आणि तो आजार बरा झाल्यावर मागे रेंगाळतोही. मन सावरलं, कामावर जाणं सुरू झालं, पण रात्री अजून टक्क डोळे उघडे, अशा माणसाला नैराश्य पुन्हा गाठण्याचा धोका जास्त असतो.

अपुऱ्या झोपेनं मनाचं नेमकं काय होतं? अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी तरुणांना एक रात्र पूर्ण जागं ठेवून दुसऱ्या दिवशी त्रासदायक चित्रं दाखवली. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग असतो, तो भीती आणि धोक्याला प्रतिसाद देतो. झोपलेल्यांच्या तुलनेत जागरण झालेल्यांचा अमिग्डाला सुमारे ६० टक्के जास्त उसळला. त्याला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी असलेला त्याचा दुवाही सैल पडला होता. धडधाकट माणसाचं एका रात्रीत हे होतं. ज्याचं मन आधीच दुखरं आहे, त्याला आठवडेच्या आठवडे अर्धवट झोपेनंतर साहेबांचा एक साधा प्रश्नही अपमानासारखा का लागतो, हे यावरून समजतं. त्यामुळे रात्र वाईट गेली असेल तर दुसऱ्या दिवशी मनात उमटणाऱ्या निष्कर्षांवर थोडा अविश्वास ठेवायला शिका. ‘मी निकामी आहे’ हा विचार त्या दिवशी जास्त खरा वाटतो. तो जास्त खरा झालेला नसतो.

इथे एक विचित्र गोष्ट सांगायला हवी, कारण काही वाचकांनी ती स्वतः अनुभवली असेल. पूर्ण रात्र जागून काढली की दुसऱ्या दिवशी नैराश्य चक्क हलकं होतं. जर्मनीत फ्लुग आणि टोले या दोन डॉक्टरांनी १९७१च्या सुमारास हे पद्धतशीरपणे तपासलं, आणि नंतरच्या अनेक अभ्यासांत निम्म्याहून जास्त रुग्णांना असा फरक पडलेला दिसला. पण बहुतेकांच्या बाबतीत तो टिकत नाही. पुढची झोप झाली, कधी कधी नुसती दुपारची डुलकी लागली, तरी मन पुन्हा होतं तिथे येतं. इस्पितळात, औषधं आणि प्रकाशोपचार यांच्या जोडीनं हा उपाय काही ठिकाणी वापरतात. घरी तो करू नये. ज्यांना द्विध्रुवीय विकार, म्हणजे बायपोलर आहे, त्यांच्यात जागरणामुळे मन एकदम दुसऱ्या टोकाला, उन्मादात जाऊ शकतं. आणि वारंवार केलेल्या जागरणाची किंमत एका हलक्या दिवसापेक्षा खूप मोठी असते. गणपतीत किंवा लग्नघरात रात्रभर जागल्यावर ‘आज किती बरं वाटतंय’ असं जाणवलं, तर त्यावरून आपल्याला झोपेची गरज नाही असा अर्थ काढू नका.

आता करायचं काय ते बघू.

झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे शरीरातलं घड्याळ. ते सकाळच्या उजेडावर लागतं आणि साधारण किती वाजता झोप येईल हे ठरवतं. दुसरी म्हणजे झोपेची साठत जाणारी गरज. ती भुकेसारखी आहे; जागं राहाल तितकी वाढते, आणि संध्याकाळी भरपेट भजी खाल्ली की रात्री जेवण जात नाही तशी अवेळी झोपेनं मरते. नैराश्यात या दोन्हींवर घाव बसतो. माणूस उशिरापर्यंत अंथरुणात राहतो, पडदे ओढलेले असतात, दुपारी डोळा लागतो, दिवसभर हालचाल नसते. मग रात्री अकराला दिवा मालवला तरी शरीराच्या लेखी रात्र झालेलीच नसते.

म्हणून आधी उठण्याची एक वेळ ठरवायची आणि ती रोज पाळायची. रविवारीही, आणि अख्खी रात्र डोळ्याला डोळा लागला नसला तरीही. अमुक वाजता झोप लागलीच पाहिजे, हे कुणाच्या हातात नसतं. अमुक वाजता अंथरुणातून पाय खाली टेकवणं मात्र निदान काही अंशी हातात असतं. पहाटे पाचचा आदर्श गाठायची इथे गरज नाही. सध्या दहाला उठत असाल तर साडेनऊ ठरवा. आठवडाभर ते जमलं की नऊ. नैराश्यात ही अर्धा तासाची ओढाताण किती कठीण असते याची मला कल्पना आहे, म्हणून इथे घरच्यांची मदत मागा. त्यांनी फक्त त्या वेळी येऊन पडदा सरकवायचा, चहाचा कप हातात द्यायचा आणि शेजारी बसायचं. उपदेश नको, ‘उठ, किती वाजले बघ’ असा आवाजही नको. चहा अंथरुणात न देता गॅलरीत किंवा दाराशी दिला, तर अर्धं काम तिथेच होतं.

कारण उठल्यानंतरचा पहिला तास उजेडात जायला हवा. नैराश्याच्या प्रकाशोपचारात १०,००० लक्सचे खास दिवे वापरतात. हिवाळी नैराश्यासाठी ही पद्धत १९८०च्या दशकात रुळली, आणि पुढे ऋतूशी संबंध नसलेल्या नैराश्यातही ती उपयोगी ठरली. आपल्या ट्यूबलाइटखाली जेमतेम काही शे लक्स उजेड असतो. बाहेर, सावलीतसुद्धा, त्याच्या कितीतरी पट. भर पावसाळ्यात आभाळ भरलेलं असतानाही अंगणात घरातल्यापेक्षा खूप जास्त उजेड असतो. आपल्या डोळ्यांना तो फरक कळत नाही, शरीराच्या घड्याळाला कळतो. तेव्हा दूध आणायला जा, देवळापर्यंत चालत जा, गच्चीवर जा. अर्धा तास पुरे. चालवत नसेल तर बाहेर नुसतं बसा. नेहमी बायपोलरची औषधं घेणाऱ्यांनी मात्र तीव्र प्रकाशाचे विकतचे दिवे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत.

दुसरा मोठा भाग अंथरुणाचा. नैराश्यात अंथरूण हीच राहण्याची जागा होते. तिथेच मोबाइल, तिथेच जेवण, तिथेच रडणं, तिथेच तासन् तास छताकडे बघणं. हळूहळू शरीराची गाठ बसते की अंथरूण म्हणजे जागं राहून झुरायची जागा. दिवाणखान्यात टीव्हीसमोर पेंगणारा माणूस खोलीत जाऊन पाठ टेकताच टक्क जागा होतो, तो यामुळेच. रिचर्ड बूट्झिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७२मध्ये यावर जे नियम सुचवले, ते आजही निद्रानाशाच्या उपचाराचा कणा आहेत. झोप येऊ लागेल तेव्हाच आडवं व्हायचं. वीसेक मिनिटं झोप लागली नाही (अंदाजानंच, घड्याळ बघायचं नाही) तर उठायचं, दुसरीकडे जाऊन मंद दिव्यात काहीतरी शांत करायचं, आणि पुन्हा पेंग आली की परत यायचं. रात्रीत चारदा उठावं लागलं तरी चारदा.

हे सांगितलं की ‘दुसरीकडे म्हणजे कुठे?’ हा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. एका खोलीत पाच माणसं झोपलेली असतील तर दुसरी खोली कुठून आणायची? दुसरी खोली लागतच नाही. दिवसा एक कोपरा ठरवून ठेवा: खिडकीजवळची खुर्ची, स्वयंपाकघराच्या ओट्याशी टाकलेला पाट, दाराबाहेरची पायरी. गादीवरून उतरून चटईवर भिंतीला टेकून बसलात तरी चालेल. अंगाखालची जागा बदलली पाहिजे, एवढंच. शेजारी एक पांघरूण, एखादं आधी वाचलेलं पुस्तक, वाटल्यास जपमाळ किंवा विणकाम ठेवा. मोबाइल तिथे नको. त्याचा उजेड वाईट आहेच, पण रात्री दोनला इतरांची सुखी छायाचित्रं बघणं त्याहून वाईट. बाई रात्री उठून बसली तर घरात चौकशी सुरू होते, म्हणून हे आधीच सांगून ठेवा: ‘डॉक्टरांनी सांगितलंय, काळजी करू नका.’

दुपारची झोप जमेल तितकी टाळा. अगदीच झापड आली तर तीनच्या आत, गजर लावून वीस मिनिटं. ज्यांना दहा-बारा तास झोप येते त्यांनी हा नियम जास्त कडकपणे पाळावा, आणि दिवसात कुणीतरी आपली वाट बघेल अशी एखादी छोटी वेळ बांधून घ्यावी.

हे दोन-तीन आठवडे करूनही रात्र सुधारली नाही, तर आणखी एक पद्धत आहे, पण ती तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावी. समजा तुम्ही दहाला आडवे होता, सातला उठता, आणि त्या नऊ तासांत झोप मिळते सहा तास. मग काही दिवस अंथरुणात राहायचा वेळच साडेसहा तासांवर आणायचा: रात्री साडेबारा ते सकाळी सात. पहिला आठवडा त्रासाचा जातो. मग झोप घट्ट होऊ लागते, मधली जाग कमी होते, आणि तसतसा पंधरा-पंधरा मिनिटांनी वेळ वाढवत न्यायचा. पाच-साडेपाच तासांखाली हा वेळ कधीच आणत नाहीत. बायपोलर किंवा फिट येण्याचा आजार असलेल्यांनी, गाडी किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी हे परस्पर करू नये.

या सगळ्याला मिळून निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धती म्हणतात. जुनाट निद्रानाशात गोळीच्या आधी हीच वापरावी, अशी शिफारस अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या प्रमुख संस्थेनं २०१६मध्ये केली. नैराश्यातला तिचा उपयोगही तपासला गेला आहे. २००८च्या एका छोट्या अभ्यासात ३० रुग्णांना नैराश्याची एकच गोळी दिली होती. ज्यांना सोबत झोपेचा हा उपचार मिळाला, त्यांच्यातले सुमारे ६२ टक्के नैराश्यातून बाहेर आले, इतरांमधले ३३ टक्के. त्यानंतरच्या सगळ्याच अभ्यासांत इतका मोठा फरक दिसलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण साठीपुढच्या, निद्रानाश असलेल्या २९१ जणांवर झालेल्या आणि २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या उपचारानंतर पुढच्या तीन वर्षांत नैराश्य येण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं. आपल्याकडे हा उपचार करणारे मोजकेच आहेत. तरी तुमच्या समुपदेशकाला त्याबद्दल विचारा.

चहा-कॉफीचा परिणाम अर्धा व्हायलाच पाच-सहा तास लागतात, तेव्हा चारचा चहा शेवटचा. दारूनं झोप लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते, शिवाय नैराश्य वाढतं. तंबाखू आणि मशेरीकडे मात्र कुणी लक्ष देत नाही. रात्री झोपताना मशेरी लावणाऱ्या कितीतरी बायका आहेत. तिच्यातलं निकोटिन मेंदूला जागं ठेवतं.

औषधांबद्दल जरा सविस्तर. नैराश्यावरच्या काही गोळ्या तरतरी आणतात आणि झोप उडवतात; काही गुंगी आणतात. तुमची गोळी कोणत्या प्रकारची आहे हे विचारा. नुसती रात्रीची गोळी सकाळी किंवा सकाळची रात्री घेतल्यानं कित्येकदा झोप सुधारते, पण तो बदल डॉक्टरांनी करायचा. गोळीचा मनावर परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, तोवर डॉक्टर झोपेसाठी थोड्या दिवसांची वेगळी गोळी देतात. ती ठरल्या मुदतीपुरतीच असते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांची सवय लागते, आणि बरेच दिवस घेतलेल्या असतील तर त्या एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, फिट येऊ शकते. शेजारच्या काकूंची गोळी ‘आजच्या रात्रीपुरती’ घेऊ नका. वयस्क माणसं या गोळ्यांच्या गुंगीत रात्री लघवीला उठताना पडतात.

झोप आणि मन दोन्ही बिघडवणारी इतर कारणंही तपासून घ्यावीत. मोठ्यानं घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून उठणं, सकाळी डोकं जड आणि दिवसभर पेंग, हे स्लीप ॲपनियाचं लक्षण असू शकतं. त्याचा थकवा नैराश्यासारखाच दिसतो आणि नैराश्याच्या गोळीनं जात नाही. रात्री आडवं होताच पाय वळवळणं, हलवल्याशिवाय चैन न पडणं, यामागे कित्येकदा लोहाची कमतरता असते. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, तेव्हा ही साधी रक्ततपासणी टाळू नये. थायरॉइडचीही करावी.

बाळंतिणीबद्दल वेगळं सांगते. बाळ रात्री उठवतं, त्यामुळे तिची झोप मोडणारच, असं म्हणून सगळे गप्प बसतात. पण बाळ शांत झोपलंय, सांभाळायला आई किंवा सासूबाई आहेत, आणि तरीही हिला झोप लागत नाही, तर ते बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं लक्षण असू शकतं. डॉक्टरांना लगेच दाखवा. घरच्यांनी तिला रोज सलग चार-पाच तास झोप मिळेल अशी पाळी लावून घ्यावी. काढून ठेवलेलं दूध बाळाला पाजायचं काम नवऱ्याला येतं.

याच्या उलट, तीन-चार तास झोपूनही थकवा नाही, उत्साह उतू जातोय, बोलणं आणि खर्च वाढलाय, असं दिसलं तर बरं वाटतंय म्हणून सोडून देऊ नका. बायपोलरमधल्या उन्मादाची ती पहिली खूण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

आणि मध्यरात्रीनंतरच्या तासांबद्दल. या वेळी माणूस एकटा असतो, थकलेला मेंदू बाहेर पडायच्या वाटा बघू शकत नाही, आणि जीव द्यावासा वाटण्याचे विचार याच तासांत जास्त बळावतात. निद्रानाश आणि वारंवार पडणारी भयंकर स्वप्नं हा त्यातला वेगळा धोका मानला जातो. रात्री बारा ते सहा या वेळात कोणताही मोठा निर्णय घ्यायचा नाही, कुणाला चिठ्ठी, मेसेज, राजीनामा लिहायचा नाही, असं स्वतःशी ठरवून ठेवा. तसे विचार आले तर घरात कुणाला तरी उठवा, मग कितीही वाजलेले असोत. झोपमोड झाली म्हणून कुणी रागावणार नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतही मिळते. घरच्यांनी जास्तीच्या गोळ्या आणि कीटकनाशकं कुलपात ठेवावीत. शेतकरी घरात तर हे आजच करावं.

पुढच्या तपासणीला जाण्याआधी दोन आठवडे एका वहीत रोज सकाळी एक ओळ लिहा: साधारण किती वाजता आडवं झालो, झोप केव्हा लागली असावी, किती वेळा जाग आली, केव्हा उठलो, दुपारी झोपलो का. पुढे सकाळच्या आणि संध्याकाळच्या मनाला दहापैकी गुण द्या. बरोबर मिनिटं नकोत. मनगटावरच्या घड्याळातला झोपेचा आलेख बघून चिंता वाढत असेल तर ते घड्याळ काढून ठेवा. नैराश्यात ‘कशी आहे झोप?’ या प्रश्नाला ‘नाहीच’ एवढंच उत्तर सुचतं, आणि डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो. वहीची दोन पानं पुढे ठेवलीत की झोप कुठे अडते, गोळीची वेळ बदलायची का, मन कोणत्या वेळी खाली जातं, हे त्यांना पाच मिनिटांत दिसेल. लिहायचं जमत नसेल तर ती ओळ घरातल्या कुणीतरी विचारून लिहावी.